बाळंतीण आणि रिकामटेकडा

२ मार्च, सोमवार

एकोणीस वर्षं मी प्राणिसंग्रहालयाच्या तिकीट खिडकीत बसले आणि आतली जनावरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पाहिली. आज साहेबांनी बोलावलं. तिकिटं आता यंत्र देतं, त्यामुळे माझी उचलबांगडी ठरलेलीच होती. पण साहेब म्हणाले, नव्या कीटकघरात एक माणूस हवाय, अठ्ठावीस तारखेला ते उघडायचंय, तोवर करून बघा. जमलं तर तिथेच राहा. काय करायचं हे न विचारताच मी हो म्हणून बसले.

कीटकघर म्हणजे पूर्वीचं माकडांच्या खाद्याचं कोठार. लांबट खोली, उत्तरेला खिडक्या, कोपऱ्यात गळका नळ आणि भिंतीलगत अकरा काचपेट्या. ते चालवणाऱ्या मॅडम माझ्या लेकीपेक्षाही लहान आहेत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवतात आणि मला काकू म्हणतात. त्यांनी सांगितलं, इथे फक्त ढेकूण असणार. मी नकळत दंड खाजवायला लागले. मॅडम हसून म्हणाल्या, गादीतला ढेकूण हा त्या खानदानातला एक वाया गेलेला भाचा समजा, बाकी गोतावळा फार मोठा आहे.

साहेबांना मात्र इथे फुलपाखरं हवी होती. पैसे खर्चून ढेकूण बघायला कोण येणार, असं त्यांनी माझ्यादेखत म्हटलं. अठ्ठावीसला समिती येणार, शाळेची मुलं येणार. मुलं काचेपाशी थांबली नाहीत तर ढेकूण बाहेर, फुलपाखरं आत. आणि ढेकूण बाहेर म्हणजे मीही बाहेर.

घरी आले तेव्हा हे छकुलीला खांद्यावर घेऊन एका हाताने भात ढवळत होते. आमची लेक तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला लांब गेली आहे, जावई बोटीवर, म्हणून आठ महिन्यांची नात आमच्याकडे. मी ह्यांना बातमी सांगितली. हे म्हणाले, "घे की. मी आहे ना घरी." आहेतच म्हणा. कारखाना बंद पडल्यापासून ह्यांना दुसरा उद्योग काय.

मग फोरमन भाऊजींचा फोन आला. कारखान्यात हे दोघे शेजारशेजारच्या लेथवर होते, भाऊजी पुढे फोरमन झाले. हे फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार लोटलं. "आता नाही जमणार रे," एवढं ऐकू आलं. पत्त्यांचा अड्डा जमवायचा असेल.

ही वही लेकीने जाताना दिली होती. म्हणाली, आई, तू बडबडतेस तेवढं लिहून काढ, बाबांच्या कानांना सुट्टी मिळेल. आज पहिल्यांदा उघडली.

४ मार्च, बुधवार

मी पन्नाशी ओलांडली आणि मला कोणी काही सांगितलंच नव्हतं, असं दोन दिवस वाटतंय.

ढेकूण म्हणजे काय, तर ज्याला जबडा नाही, सोंड आहे. सुईसारखी पोकळ सोंड, न वापरताना छातीखाली दुमडून ठेवायची. चावणं नाही, कुरतडणं नाही, जे काही घ्यायचं ते ओढून प्यायचं. झुडपांवरचा मावा हा त्यांच्यातलाच. टुणकन उडणारे तुडतुडे, कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण, उन्हाळ्यात झाडावर कानठळ्या बसवणारा सिकाडा, सगळे एकाच घरचे. मॅडम म्हणाल्या, जगात ह्यांच्या ऐंशी हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत. मी म्हटलं, लग्नपत्रिका वाटणाऱ्याची काय दशा होत असेल.

तिसऱ्या पेटीत पाण्यावर चालणारे आहेत. पोहणारे नव्हेत, चालणारे. पायांवर इतके बारीक केस की पाणी ओलं करू शकत नाही. चौथ्या पेटीतले जन्मभर उताणे पोहतात. सहाव्या पेटीत मला नुसता धुळीचा गोळा दिसला. मी फडकं घेऊन तो पुसायला गेले तर मॅडमनी हात धरला. तो शिकारी ढेकणाचा पोर होता. अंगावर स्वतःच धूळ चिकटवून घेतो आणि कचरा बनून शिकारीची वाट बघतो. त्याला आंघोळ घालणारी मी पहिलीच असते.

सगळ्यात आवडली ती आठव्या पेटीतली ढालीसारखी हिरवी बाई. पानावर अंडी घातलीत आणि त्यांच्यावर उभी आहे. दहा दिवस उपाशी. मी पेन्सिल जवळ नेली तर पेन्सिलीकडे पाठ वळवून ढाल पुढे केली, पण हलली नाही. मॅडम म्हणाल्या, ह्यांच्यात असे आईबाप थोडेच, पण जे आहेत ते जबरदस्त. माझे डोळे भरून आले. आई ती आईच.

घरी येऊन हे सगळं ह्यांना सांगितलं. हे छकुलीला थोपटत ऐकत होते. तिला खांद्यावरून उतरवतच नाहीत, लाडावून ठेवलीय. मी म्हटलं, खाली ठेवा, रडू दे थोडी. हे म्हणाले, ठेवली की लगेच उठते. आणि मग मला विचारलं, तुझं ते काम अठ्ठावीसपर्यंतच आहे की पुढेही? मी म्हटलं, जमलं तर पुढेही. हे बरं म्हणाले.

७ मार्च, शनिवार

मॅडम आज तीन आठवड्यांसाठी डोंगरात गेल्या, नवे नमुने गोळा करायला. मोबाईलला तिथे रेंज नाही, गावात उतरल्या की फोन करणार. मला सूचनांची वही दिली. कोणाला काय खायला, पाणी कधी बदलायचं, सगळं लिहिलेलं आहे.

जाताजाता अकराव्या पेटीपाशी थांबल्या. तीत दोन पाणढेकूण आहेत. बोटाच्या एका पेराएवढे, चपटे, सुक्या पानाच्या रंगाचे. दोघांत डावं-उजवं करणं कठीण. म्हणाल्या, "काकू, नशीब असेल तर आपले हिरो हेच. ह्यांची गंमत आल्यावर सांगते." तेवढ्यात गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. गंमत अर्धवट टाकून गेल्या.

ह्या दोघांना डासांच्या जिवंत अळ्या लागतात. म्हणून आमच्या गॅलरीत एक बादली पाणी जाळी लावून ठेवलंय. लोक डास मारतात, आम्ही पाळतो. बादलीची देखभाल ह्यांच्याकडे दिली, तेवढाच विरंगुळा.

११ मार्च, बुधवार

आज मी खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या.

अकराव्या पेटीतल्या एकाच्या पाठीवर अंडी. एक-दोन नाहीत, भिंगातून मोजली, चौऱ्याऐंशी. उभी, दाटीवाटीने, फुटाण्यांसारखी पिवळसर, पूर्ण पाठ भरलेली. स्वतःच्याच पाठीवर कशी घातली असतील देव जाणे, पण आईला काय अशक्य. मी तिचं नाव बाळंतीण ठेवलं. दुसरा कोपऱ्यात गवताला लटकून अळ्या ओरपत होता. जेवून खाऊन मोकळा. त्याचं नाव रिकामटेकडा.

तशीच धावत साहेबांकडे गेले. साहेब आले, वाकून बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाले, हे मुलांना आवडेल. किती दिवसांत फुटतील? वहीत लिहिलंय, पाणी कोमट असेल तर दोन आठवड्यांच्या आसपास. म्हणजे ऐन मोक्यावर. साहेबांनी तिथल्या तिथे पेंटरला सांगितलं, मोठा बोर्ड करा: "आईच्या पाठीवर". ही अंडी फुटली तर खोली ढेकणांची, असं साहेब निघताना म्हणाले. शब्द त्यांचे, मी फक्त ऐकले आणि मनात कुलूप लावून ठेवले.

घरी येताना माझी चाल बदलली होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच असेल, पण होऊ दे.

१२ मार्च, गुरुवार

बाळंतिणीला स्वतंत्र खोली दिली. मोठी काचेची बरणी स्वच्छ घासली, उकळून निवलेलं पाणी काठोकाठ भरलं. आधीच्या पेटीतल्या काड्या, गवत, शेवाळ काहीही आत टाकलं नाही. घाण नको आणि अंडी घासायला नकोत. आवाज आणि उजेड नको म्हणून बाहेरून फडकं गुंडाळलं. आराम कर बाई, म्हटलं.

रिकामटेकड्याला मागे ठेवलं. त्याला दम भरला की बायको एकटी सगळं पाठीवर घेऊन बसलीय आणि तू नुसता चरतोस, लाज वाटू दे. त्याने एक अळी पकडली आणि सोंड खुपसली. पुरुषांची जातच अशी. हे वाक्य घरी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. हे हसले. छकुलीला भरवत होते, त्यांचं ताट झाकून ठेवलं होतं.

१४ मार्च, शनिवार

काहीतरी बिनसलंय. बाळंतीण सारखी खाली-वर करते. वर येते, पाय मारते, पाठ पाण्याबाहेर काढायला बघते आणि पुन्हा घसरते. तिला बसवतच नाही. मी म्हटलं, बाळंतवात असेल. पण भिंगातून बघितलं तर अंड्यांचा रंग उतरलाय आणि कडेच्या चार अंड्यांवर पांढरी लव आलीय. बुरशी.

सूचनांची वही पुढून मागून चाळली. बुरशीबद्दल एवढंच की पाणी बदला. बदललं. मॅडमना अकरा वेळा फोन लावला. उद्या रविवार, कीटकघराला कुलूप असतं. तिला एकटीला सोडणं जमेना, म्हणून बरणी पिशवीत घालून, वर ओढणी झाकून घरी आणली.

जिन्यात शेजारीण भेटली. पिशवीत काय म्हणून विचारलं. मी खरं बोलायला काय घाबरते? ढेकूण, म्हटलं. संध्याकाळी त्यांच्या चारही गाद्या गच्चीत पसरलेल्या दिसल्या.

रात्री जेवण गेलं नाही. चौऱ्याऐंशी जीव मी मारणार असं वाटतंय. नोकरी जाईल ती जाईल, पण तिने एवढ्या विश्वासाने पाठीवर घेतलीत.

१५ मार्च, रविवार

सकाळी उठून स्वयंपाकघरात आले तर हे बरणीसमोर स्टुलावर बसलेले. खांद्यावर छकुली झोपलेली, हातात व्हर्नियर. कारखान्यातून आणलेलं एकमेव हत्यार ते. कारखाना नाही, लेथ नाही, तरी परवा ते तेल लावून पुसत होते. आता काचेला लावून ढेकणाची लांबी घेत होते. एकवीस पूर्णांक चार मिलिमीटर, म्हणाले. मी म्हटलं, त्याने तिचा ताप उतरणार आहे का?

हे म्हणाले, "अगं, हा दमलाय. पाठीवर ओझं घेऊन किती वेळ पोहणार? टेकायला काहीतरी दे त्याला."

"हा नव्हे, ही," मी म्हटलं. "आणि घाण मुद्दामच घातली नाहीये मी आत."

हे स्टुलावरून उठले. मांडणीवरचा लाकडी चमचा उचलला, नळाखाली धुतला आणि बरणीत तिरका उभा केला. छकुली खांद्यावर तशीच. मी ओरडणार होते, पण त्याआधीच ती चमच्यावर चढली. वर वर सरकली, सहा पायांनी घट्ट धरलं आणि पाठ पाण्याच्या वर आली. अंडी हवेत, पोट पाण्यात. मग तिने बैठका मारायला सुरुवात केली. खाली, वर, खाली, वर, दर वेळी अंड्यांवरून पाणी जायचं आणि पुन्हा हवा लागायची. तासभर चाललं होतं. आम्ही दोघं चहा विसरून बघत बसलो.

अंड्यांना हवा हवी होती. मी तिला हवाबंद आराम देत होते.

ह्यांना कसं सुचलं विचारलं. म्हणाले, मी पण दुपारी दाराच्या चौकटीला टेकूनच उभा राहतो की. कधीकधी ह्यांचंही डोकं चालतं, मान्य केलं पाहिजे. मी त्या खुशीत तीन माणसांना पुरेल एवढा चहा केला.

१६ मार्च, सोमवार

बरणी परत नेली, चमच्यासकट. आज नवी बुरशी नाही. सहा अंडी गेली, अठ्ठ्याहत्तर उरली. बाकीची पुन्हा रंग धरतायत आणि चक्क फुगतायत. रिकामटेकड्याला सांगितलं, तुझ्या नशिबाने वाचलास.

घरी चमचा नाही म्हणून हे कालथ्याने ढवळतायत. नवा आणते म्हटलं.

१९ मार्च, गुरुवार

मॅडमचा फोन आला. खरखर, मागे वारा. मी एका दमात सगळं सांगितलं, बाळंतीण, बरणी, बुरशी, चमचा. पलीकडून नुसती खरखर. मला वाटलं फोन कटला. मग त्या हसत होत्या हे कळलं.

"काकू, ती बाळंतीण नाहीये. तो बाप आहे. मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवते आणि निघून जाते. पुढचं सगळं तोच करतो. मादीची गरज आहे पुन्हा खाऊन अंडी करायची, त्याची गरज आहे ती वाचवायची."

मी भिंग घेऊन पुन्हा बरणीत डोकावले.

मॅडमनी मग राहिलेली गंमत सांगितली. नर आधी पाण्यात बैठका मारून तिला बोलावतो. ती चढते, थोडी अंडी घालते, मग तो तिला उतरवतो, पुन्हा जुळतात, पुन्हा थोडी. पोरं आपलीच आहेत ह्याची पक्की खात्री करून मगच ओझं घेतो. ते पाठीवर असेपर्यंत त्याला उडता येत नाही, पंख अंड्यांखाली अडकलेले असतात. शिकार धड जमत नाही, स्वतः पकडला जाण्याची भीती जास्त. पण उतरवत नाही. अंडी पाठीवरून काढली तर मरतात, आणि हवा-पाणी त्याने दिलं नाही तरीही मरतात. मॅडम म्हणाल्या, काठी दिलीत म्हणून वाचली, कोणी सांगितलं तुम्हाला? मी म्हटलं, घरातल्यांनी.

फोन ठेवून अकराव्या पेटीपाशी गेले आणि रिकामटेकड्याची, म्हणजे तिची, माफी मागितली. चौऱ्याऐंशी अंडी घालून बिचारी चार घास खात होती आणि मी तिचा उद्धार करत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी. इथे तर चोरच कोणी नव्हता.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा हसून लोटपोट होतील असं वाटलं होतं. हे थोडेसेच हसले. "तो तरी काय करणार," म्हणाले, "चिकटलेलीच असतात ना." आणि डावा खांदा चोळत गॅलरीतल्या बादलीकडे गेले. उशी बदलायला हवी ह्यांची, मान अवघडते.

२३ मार्च, सोमवार

साहेबांशी वाजलं. बोर्ड रंगून आलाय, गुलाबी अक्षरांत "आईच्या पाठीवर". मी म्हटलं, चूक आहे, तो बाप आहे. साहेब म्हणाले, मुलांना आईच बरी वाटते, ढेकणाला कोण विचारायला जातंय. मी म्हटलं, साहेब, एकोणीस वर्षं मी एकही खोटं तिकीट फाडलं नाही. साहेब म्हणाले, आधी फुटू देत, मग बघू.

अंडी आता पहिल्यापेक्षा दीडपट झालीत. प्रत्येकात दोन तांबडे ठिपके दिसतात. डोळे. मी सकाळपासून सतराशे साठ वेळा बघून आले.

संध्याकाळी घरी आले तर ह्यांचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला. कुठे निघालात म्हणून विचारलं. म्हणाले, कुठे नाही, नुसती केली. रिकामपण माणसाला काय काय करायला लावतं. शर्ट मीच कपाटात ठेवला.

२६ मार्च, गुरुवार

सकाळी साडेदहाला पहिलं फुटलं.

टोपी उघडावी तसं अंड्याचं वरचं टोक सुटलं आणि आतून एक फिकट पिवळा जीव वर आला, पाय अंगाला चिकटलेले, डोळे तांबडे. पाय एकेक करून सुटले. मग घसरून पाण्यात पडला आणि लगेच पोहायला लागला. कोणी शिकवलं नाही. बाप चमच्यावर जोरजोरात बैठका मारत होता, एवढ्या दिवसांत मारल्या नव्हत्या इतक्या. दुसरं, तिसरं, मग एकदम पाच.

मी घरी फोन केला. म्हटलं, अहो, जसे असाल तसे या, छकुलीला घेऊन या. मला ते कोणाला तरी दाखवायचंच होतं, आणि कोणाला म्हटल्यावर ह्यांनाच. चमचा ह्यांचा होता.

वीस मिनिटांत आले, फोरमन भाऊजींच्या गाडीतून. भाऊजी सकाळपासून आमच्याकडेच येऊन बसले होते म्हणे. मी कामाला गेल्यावर पत्ते, असं मनात आलं. हे थेट बरणीपाशी गेले. छकुली खांद्यावरून वाकून काचेला हात लावत होती. ह्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कारखाना बंद झाल्यापासून पाहिलं नव्हतं. एकेक सुटताना हे हळूच मोजत होते.

भाऊजी मागे उभे होते. त्यांना ढेकणांचं काही नव्हतं. ते मला म्हणाले, "वहिनी, आता तरी सोडा ह्याला. लेथ शिकवायची जागा मी महिनाभर अडवून ठेवलीय. एकची तारीख गेली की दुसऱ्याला द्यावी लागेल."

मी म्हटलं, कसली जागा?

भाऊजींनी ह्यांच्याकडे बघितलं. हे बरणीकडेच बघत होते. मग भाऊजींनीच सांगितलं. तंत्रशाळेत लेथ शिकवायला माणूस हवाय, सकाळी आठ ते एक. तीन मार्चला हजर व्हायचं होतं. आदल्या संध्याकाळी ह्यांनी नाही म्हटलं. बायकोला नवं काम लागतंय, पोर लहान आहे, अठ्ठावीसनंतर बघू. त्या दिवसापासून भाऊजी दर दोन दिवसांनी फोन करत होते.

दोन मार्च. त्या दिवशीचं पान मी आत्ता उघडून वाचलं. "आता नाही जमणार रे," एवढं ऐकू आलं. पत्त्यांचा अड्डा जमवायचा असेल. माझंच अक्षर आहे. पुढचीही सगळी पानं वाचली. झाकलेलं ताट, खांदा, चौकट, पांढरा शर्ट. ढेकणाच्या अंड्यावरचा ठिपका मी भिंगातून शोधला आणि हे सगळं नुसतं लिहीत गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला फार लाज वाटली. आताही वाटतेय.

तिथे मात्र मी एवढंच म्हणू शकले, "मला सांगितलं का नाहीत?"

हे म्हणाले, "तू इतकी खुशीत होतीस. आणि मला काही जड नव्हतं गं."

डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली होता. मी छकुलीला घेतलं. ती रडली. तरी घेतलं.

अठ्ठ्याहत्तरपैकी एकाहत्तर फुटली. दुपारपर्यंत सगळी पिल्लं तपकिरी झाली. खाली अळ्यांवर तुटून पडली आणि काही एकमेकांवरही, म्हणून त्यांना वाट्यांमधून वेगळं केलं. ह्यांनी आणि मी मिळून, चाळीस वाट्या.

२८ मार्च, शनिवार

मुलं थांबली. पेटीभोवती इतकी गर्दी की समितीतल्या बाईंना वाट काढावी लागली. धुळीच्या पोराला शोधायची शर्यत लागली, उताणे पोहणाऱ्यांपुढे दोन मुलगे स्वतःच जमिनीवर उताणे झाले. खोली ढेकणांची राहिली आणि मीही राहिले. साहेबांनी माझ्यासमोर म्हटलं, फुलपाखरांचं पुढे बघू. वेळ मात्र मी मागून घेतली, दुपारी दोन ते सात. सकाळी मॅडम असणारच आहेत. साहेबांना काही हरकत नव्हती.

गुलाबी बोर्ड मी सकाळीच काढून ठेवला होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेंटरच्या काळ्या रंगाने स्वतः लिहिलं. अक्षर वाकडं आलंय, पण साहेबांनी वाचून काही म्हटलं नाही. लिहिलंय: "ह्याच्या पाठीवर अंडी होती, ती ह्याचीच. हा बाप आहे. आई शेजारच्या पेटीत जेवते आहे, तिचंही काम झालेलं आहे. ह्याला टेकायला लाकूड लागतं. ते कोणी हलवू नये."

हे बोर्डापुढे बराच वेळ उभे होते, पांढरा शर्ट घालून. तोच. चमचा परत मिळणार नाही का, एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं.

पाठीवरची रिकामी टरफलं त्याने काल-आज मागच्या पायांनी सोलून टाकली. पाठ लख्ख झालीय. बराच वेळ नुसता तरंगत होता. आता पंख उघडता येतील त्याला.

१ एप्रिल, बुधवार

हे पावणेआठला गेले. व्हर्नियर शर्टाच्या खिशात मावत नव्हतं, तरी खिशातच नेलं. जिन्यात दोनदा थांबून छकुलीचं सांगत होते, कधी भूक लागते, कुठल्या कुशीवर झोपते. मी म्हटलं, अहो, जा आता, मी पण एक वाढवलीय. गेले.

ठेवली की उठते, हे खरं आहे. चार वेळा ठेवून बघितली. भात एका हाताने ढवळला, केर तसाच आहे, चहा गार झाला. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. सव्वाआठ किलोची आहे ही, आणि झोपली की दहाची होते.

अजून साडेअकराच झालेत. जास्त लिहिता येत नाही, पेन उजव्या हातात आणि डावा खांदा हिचा. दाराच्या चौकटीला टेकून उभी आहे. इथे लाकूड थोडं गुळगुळीत झालंय, ह्यांच्या उंचीवर.